कोलदिलर बोर (केळफुलाचे आसामी वडे): फूल जास्त, पीठ कमी

प्रश्न: मुलाची बदली गुवाहाटीला झाली, म्हणून मागच्या वर्षी तिथे राहून आले. त्याच्या शेजारणीने जेवणात केळफुलाचे छोटे चपटे वडे वाढले होते. बाहेरून कुरकुरीत, आणि आत फूल चावताना जाणवत होतं. घरी आल्यावर मी केळफूल रात्रभर ताकात ठेवलं, कुकरला एक शिट्टी काढली आणि डाळीच्या पिठात कालवून भजी तळली. ती मऊ पडली, तेल प्यायली आणि कडवटपणाही गेला नाही. कुठे बिघडलं? मोहरीचं तेलच हवं का? (एक वाचक, चिपळूण)

उत्तर: ताई, तुम्ही केळफुलाच्या भाजीची तयारी केलीत आणि त्याचे बोर, म्हणजे तुम्ही खाल्लेले ते चपटे वडे, तळलेत. माझं सासर आसाममधल्या जोरहाटचं, त्यामुळे दोन्ही पद्धती मी रोजच्या हाताने केल्या आहेत आणि त्या एकमेकींना चालत नाहीत. भाजीला फूल मऊ लागतं. बोराला ते कोरडं आणि थोडं करकरीत लागतं. रात्रभर भिजून वर शिट्टी खाल्लेलं फूल पाण्याने भरलेलं असतं. ते पाणी पीठ मागतं, तुम्ही पीठ वाढवता आणि शेवटी पिठाचीच भजी होतात. आसाममधल्या घरांत पीठ फक्त फूल धरून ठेवण्यापुरतं घालतात.

कडवटपणाचं मूळ निवडण्यात आहे. फूल जड, घट्ट मिटलेलं घ्या. वरच्या जांभळट जाड पाकळ्या एकेक सोडवत जा. त्यांच्याखाली ओळीने फुलं असतात. प्रत्येकातून दोन गोष्टी काढायच्याच: टोकाला बारीक गोळा असलेली ताठ काडी आणि बुडाशी चिकटलेला नखाएवढा पारदर्शक पापुद्रा. दोन्ही कितीही शिजवलं तरी शिजत नाहीत. अगदी बाहेरच्या ओळीतली फुलं जून वाटली तर टाकून द्या, जीव अडकवू नका. आत पांढुरका गाभा लागला की निवडणं थांबवायचं आणि तो अख्खा चिरायचा. तिथली फुलं इतकी कोवळी असतात की काडी काढायची गरज नसते.

चिरलेलं फूल थेट मीठ-हळदीच्या पाण्यात पडू द्या, नाहीतर हवा लागून काळं होतं. अर्ध्या तासाने मूठ आवळून पिळा. तपकिरी पाणी निघेल. पाणी बदलून पुन्हा एकदा पिळा. माझ्या सासूबाई या पिळण्यावर फार कटाक्ष ठेवत आणि त्यांचं बरोबर होतं. यानंतर चिमूटभर चावून बघा. तरीही तुरट-कडू लागलं तर उघड्या पातेल्यात मिठाच्या पाण्यात तीन-चार मिनिटं उकळा, निथळा, गार करा आणि पिळा. कुकर नको.

दोन वाट्या पिळलेल्या फुलाला एक कांदा, चार हिरव्या मिरच्या, इंचभर आलं, मूठभर कोथिंबीर, हळद, चार चमचे तांदळाचं पीठ आणि दोन चमचे डाळीचं पीठ घ्या. कुरकुरीतपणा तांदळाच्या पिठाने येतो. तिथे काही घरांत डाळीच्या पिठाऐवजी भिजवलेली मसूर जाडसर वाटून घालतात, तीही सुरेख लागते. पाणी एक थेंबही घालू नका. मीठ सगळ्यात शेवटी, कढई तापल्यावर. आधी घातलंत तर कांदा पाणी सोडतो आणि पुन्हा तीच कथा. तळहातावर चपटे थापून मध्यम आचेवर तळा. मोठ्या आचेवर वरून रंग येतो, आत ओलं राहतं.

मोहरीचं तेल हवंच का? माझं मत विचाराल तर हो. बोराची अर्धी चव तीच आहे. तेल धूर येईपर्यंत तापवा, मग आच कमी करून थोडं निवू द्या. उग्रपणा जातो, वास राहतो. घरात कुणाला अजिबात सोसत नसेल तर शेंगदाण्याचं तेल वापरा. बोर चांगलेच होतील, फक्त ते जोरहाटचे लागणार नाहीत. आणि ते चहाबरोबर तर खाच, पण एकदा तिथल्यासारखे गरम भात, मसुरीची पातळ डाळ आणि लिंबू यांच्यासोबत वाढून बघा. तिथे डाळीवर काजी नेमू पिळतात. ते लांबट आणि फार सुवासिक लिंबू असतं. आपलं कागदी लिंबूही छान जमून जातं.

प्रश्न: केळफुलाच्या चिकाने बोटं काळी होतात. आदल्या दिवशी निवडून ठेवलं तर चालेल का? (एक वाचक, पुणे)

उत्तर: चालेल. हाताला आणि सुरीला आधी तेल चोळा. तरीही डाग पडलाच तर लिंबाच्या सालीने घासा. निवडलेली फुलं न चिरता, लिंबू पिळलेल्या पाण्यात बुडवून फ्रीजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी चिरा. चिरून ठेवलेलं फूल मात्र त्याच दिवशी संपवा.