ट्राउटसाठी निघण्यापूर्वी

दारणेच्या काठी गळ टाकून मरळीची वाट पाहण्याची आपली नाशिककरांची सवय हिमाचलातील तीर्थन खोऱ्यात फारशी उपयोगी पडत नाही, कारण झऱ्यांवर पोसलेल्या लहान ओढ्याचे पाणी थंड व नितळ असते आणि ट्राउट हा थंड पाण्यातला मासा प्रवाहाकडे तोंड करून, वाहत येणाऱ्या किड्यांवर नजर ठेवून स्थिर राहतो. म्हणून त्याच्या मागून, म्हणजे ओढ्याच्या खालच्या अंगाने, वाकून व आपली सावली पाण्यावर पडू न देता पुढे सरकावे आणि गळ वरच्या बाजूला टाकावा. पहिल्या खेपेस मी ताठ उभा राहिलो आणि दिवसभर रिकाम्या हाताने बसलो! दोरा बारीकच घ्यावा. मत्स्यविभागाचा परवाना आधी काढावा. १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत तेथे ट्राउटची मासेमारी बंद असते.