बालेरला जाताय? मग आधी चर्च बघा

लाटा बघायला फिलिपिन्समधल्या बालेरला जातोयस, ठीक आहे, पण थेट साबांग किनाऱ्यावर धावू नकोस. आधी गावातलं चर्च गाठ. आतली सजावट साधीच आहे, पण मूठभर स्पॅनिश सैनिक इथे फिलिपिनो क्रांतिकारकांच्या वेढ्यात ३३७ दिवस अडकले होते, जुलै १८९८ ते जून १८९९. स्पेनने डिसेंबरमध्येच फिलिपिन्स अमेरिकेला देऊन टाकलं होतं, आणि यांना ते पटेचना! बाहेरून दिलेली वर्तमानपत्रं बनावट वाटायची. शेवटी एका अंकात त्यांच्या प्रमुखाला, लेफ्टनंट मार्टिन सेरेझोला, ओळखीच्या अधिकाऱ्याच्या बदलीची बातमी दिसली, तेव्हा कुठे खात्री पटली. फिलिपिनो क्रांतीचा नेता अगिनाल्दोने त्यांना कैदी न मानता मित्र म्हणून सोडलं. ते फर्मान ३० जूनचं, म्हणून आज त्या दिवशी स्पेन आणि फिलिपिन्सचा मैत्रीदिन असतो.

फिलिपिन्सचे एकेकाळचे राष्ट्राध्यक्ष मानुएल केसोन इथलेच. प्रांताचं आउरोरा हे नाव त्यांच्या पत्नीचं.

एर्मिता टेकडीवर मात्र नक्की चढ. १७३५ च्या समुद्रलाटेत जुनं गाव वाहून गेलं, वाचलेले तिथेच चढले होते. सर्फिंग नवीन असेल तर शिकवणारा घेच, आणि डिसेंबरच्या मोठ्या लाटांत मिरवू नकोस.