आज्जीची वही वाचून दाखवायची का?

प्रश्न : ताई नमस्कार, मी कोल्हापूरचीच, शाहूपुरीत राहते. माझी आज्जी म्हणजे आईची आई मागच्या महिन्यात प्रभूच्या घरी गेली, ९३ वर्षांची होती. मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात नर्सिंग शिकली आणि मग सगळी नोकरी कोल्हापुरात केली. चर्चमधली रविवारची उपासना कधी चुकवली नाही, ८८ वर्षांची होईपर्यंत चालत जायची, तिसऱ्या बाकावर खिडकीकडंला बसायची, बारकी पोरं चुळबुळ करायला लागली की पर्समधली खडीसाखर हळूच त्यांच्या हातात ठेवायची. गल्लीत कुणाकडं पण बाळ झालं की जुन्या लुगड्यांची छोटी वाकळ शिवून द्यायची. येत्या रविवारी तिच्या स्मरणार्थ उपासना आहे आणि पाळकसाहेबांनी मला पाच मिनिटं बोलायला सांगितलंय. अडचण अशी की तिच्या ट्रंकेत एक लाल वही सापडली, १९७४ पासून कुणाला किती पैसे दिले ते सगळं लिहिलंय, कुणाची फी, कुणाचं बाळंतपण, कुणाचं घरभाडं. शेवटच्या पानांवर '८ ऑगस्ट २०१९, गादी आणि शेगडी, ३,०००' असं पण आहे. काही नावांपुढं 'आले' लिहिलंय, पण बऱ्याच नावांपुढं नुसतं 'विचारू नये'. मामा म्हणतो नावं वाचून दाखव, लोकांना कळू दे आज्जी काय होती. मावसभाऊ म्हणतो बेरीज मोठी आहे, जे आता चांगले सेटल झालेत त्यांच्याकडून तरी मागून घेऊया. शिवाय आज्जी फटकळ पण होती, उपासनेला उशीर केला की दारातच झापायची, ते सांगायचं का? मला तर 'प्रेमळ, दानशूर, प्रार्थनाशील' याच्या पुढं काही सुचेना झालंय. – एक नात

उत्तर : पोरी, नावं वाचू नको. मामांचा जीव आईत अडकलाय म्हणून ते तसं म्हणतायत, त्यांच्यावर चिडू पण नको, पण वाचू नको. उजवा हात काय देतो ते डाव्या हाताला कळू नये, हे आज्जीनं किती रविवार ऐकलं असेल विचार कर, आणि तिनं ते नुसतं ऐकलं नाही तर पाळलं, इतकं की तुम्हाला घरच्यांना पण ती गेल्यावर कळलं. मग आता माईकवर तुम्ही कशाला फोडायचं.

हे मी पुस्तकी सांगत नाही. माझ्या वडलांची नोकरी सुटली होती तेव्हा माझ्या कॉलेजची फी आमच्या शेजारच्या एका ख्रिश्चन बाईंनी भरली होती, मिशनच्या शाळेत शिक्षिका होत्या त्या. मला हे कळलं वीस वर्षांनी, आईनंच सांगितलं, स्वयंपाकघरात भाजी निवडत बसलो होतो आणि तिचं तिलाच वाटलं म्हणून तिनं सांगितलं. मी हातातली मेथी तशीच ठेवली आणि रडले. तेच जर मला चारचौघात, त्या बाईंच्या नातवाच्या तोंडून, रकमेसकट कळलं असतं तर माझी आई परत त्या गल्लीतनं मान वर करून चालली नसती. देणारीचं नाव मोठं करताना घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये एवढंच माझं म्हणणं आहे.

आणि मावसभावाला सांग, 'विचारू नये' हे आज्जीच्याच हातचं आहे. त्याच्यावर चर्चा नको. हां, कोण आपणहून पैसे घेऊन आलंच तर नाही म्हणू नका, परत पाठवलं तर त्या माणसाचा अपमान होतो. घ्या, चहा पाजा, आणि त्या पैशात एखाद्या पोराची फी भरा. वहीत पुढची ओळ लिहायची की नाही ते तुम्ही ठरवा, मी असते तर लिहिली असती.

आता बोलायचं काय. बायबलमधली यापोची टबीथा तुला माहीत असणार, दुर्कस म्हणतात तिला, प्रेषितांच्या कृत्यांत नवव्या अध्यायात आहे. ती गेली तेव्हा तिथल्या विधवा बायकांनी भाषण केलं नाही, तिनं शिवलेले अंगरखे आणि कपडे त्यांनी रडत रडत येशूच्या शिष्याला, पेत्राला, दाखवले. मला तो प्रसंग फार आवडतो, मी ख्रिश्चन नाही तरी. तू पण तेच कर ना. गल्लीत आधीच निरोप फिरव की ज्यांच्याकडं आज्जीची वाकळ असेल त्यांनी रविवारी घेऊन या, विटलेली असो, फाटलेली असो. ज्याला बोलावंसं वाटेल तो बोलेल, नाही तो नुसती वाकळ मांडीवर घेऊन बसेल, त्याला कुणी काही विचारायचं नाही.

वहीतली एकच ओळ सांग, पुराची, आणि ती पण नावाशिवाय. २०१९ ला पंचगंगा ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून पार पन्नाशीच्या पुढं गेली होती, आपण सगळ्यांनी बघितलंय ते, कुणाच्या घरात काय उरलं होतं ते पण. अशा वेळी ऐंशी पार केलेल्या बाईला सुचतं की ज्याचं सगळं भिजलंय त्याला आधी पाठ टेकायला गादी लागणार आणि चहा करायला शेगडी लागणार. हे तू सांगितलंस की 'दानशूर' म्हणायची गरजच नाही. नर्सची नजर होती ती, पेशंटला आत्ता या घडीला काय लागतंय ते बघणारी.

फटकळपणा पण सांग, नक्की सांग. लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात आपल्या नवऱ्याचा, म्हणजे कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचा, राग, हट्ट, घरात काही नसताना देऊन टाकणं, सगळं लिहिलं म्हणून तर टिळक आजही आपल्याला घरातले वाटतात. दारात झापणं आणि आत गेल्यावर त्याच पोराला खडीसाखर देणं, ही एकच बाई होती ना.

अजून एक, त्या दिवशी समोर सगळेच काही चर्चचे नसतील. कोल्हापुरात मिशनचं काम १८५२ पासूनचं, पण आमच्यासारख्या बाहेरच्यांना ते कळलं ते दवाखान्यातल्या नर्सबाया आणि शाळेतल्या बाईंमुळं. गल्लीतल्या काकू येतील, तिनं ज्यांची बाळंतपणं केली त्या आज्या येतील, त्यांना पण समजेल असं साधं बोल.

लिहून काढ, दीड-दोन पानांपेक्षा जास्त नको, आणि घरी दोनदा मोठ्यानं वाच, एकदा आईसमोर. खडीसाखरेपाशी तुला रडू येणार बघ. आलं तर थांब, पाणी पी, कोण घाई करणार नाही.