अडकल्यावर वॉकथ्रू बघितला तर ते चीटिंग होतं का? माझ्याकडे आलेली एक केस

गेममध्ये अडकलो आणि यूट्यूबवर वॉकथ्रू (म्हणजे दुसऱ्याने गेम कसा पार करायचा ते दाखवलेला व्हिडिओ) बघून पुढे गेलो तर ते खेळणं धरायचं का, हा प्रश्न माझ्याकडे समुपदेशनात बऱ्यापैकी येतो, आणि फक्त शाळकरी पोरंच विचारतात असं नाही, नोकरी करणारी, लग्न झालेली माणसंपण विचारतात आणि विचारताना जरा अवघडतात. घरचे म्हणतात हा काय प्रश्न आहे का. मला तो महत्त्वाचा वाटतो, कारण माणूस स्वतःला कशावरून मोजतो ते त्यात सरळ दिसतं. म्हणून एक केस सांगते. त्याची परवानगी घेतलीय, नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत.

निनाद, वय 26. गावाकडून पुण्यात एमपीएससीसाठी आला, दोन अटेम्प्ट झाले, दुसऱ्यात मेन्सला थोडक्यात गेलं, मग घरून किती दिवस पैसे मागवायचे म्हणून कस्टमर सपोर्टची नोकरी धरली. माझ्याकडे आला तो झोपेसाठी. रात्री तीन-साडेतीनपर्यंत एल्डन रिंग हा गेम, सकाळी नऊला लॉगिन, दिवसभर डोकं जड, आईचा फोन आला की तुटक बोलायचं आणि नंतर स्वतःलाच वाईट वाटायचं.

अशा वेळी मी आधी एक गोष्ट तपासते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-11 या आजारांच्या यादीत गेमिंग डिसऑर्डर हे निदान आहे, ते 2022 पासून लागू झालं, आणि त्यात नुसते तास मोजत नाहीत. खेळण्यावरचा ताबा सुटलाय का, बाकी सगळ्याच्या आधी गेम येतोय का, नुकसान दिसत असूनही चालूच आहे का, आणि हे साधारण बारा महिने चाललंय का, असं बघतात. निनादचं तसं नव्हतं. नोकरी सांभाळत होता, रविवारी मित्रांबरोबर ट्रेकला जात होता, मागच्या गेमच्या वेळी बारा वाजता लॅपटॉप बंद करून झोपतही होता. मग आत्ताच असं काय झालं?

तर तो गेममध्ये अडकला होता, आणि वॉकथ्रू बघायचा नाही असं त्याने ठरवलं होतं.

त्याचा आणि खेळणाऱ्या मित्रांचा डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवर ग्रुप आहे, तिथे कुणी गाईड बघितलं की त्याला नूब, म्हणजे कच्चा खेळाडू म्हणतात. पण ते वरवरचं. तिसऱ्या भेटीत तो म्हणाला, "मॅडम, क्लासवाल्यांनी सांगितलं ते वाचलं, टॉपरने सांगितलं तसं टाइमटेबल केलं, तरी नाही झालं. निदान ही एक गोष्ट तरी मी कुणालाही न विचारता केली असं पाहिजे मला." मी लगेच काही बोलले नाही, कारण हे वाक्य गेमबद्दल नव्हतंच आणि ते घाईने खोडून काढणं बरोबर नव्हतं. त्याला पाहिजे होतं ते चुकीचं नव्हतं. आपल्या हाताने काहीतरी जमतंय ही भावना माणसाला लागते, आणि गेम ती देतात, म्हणून तर लोक खेळतात.

पण मग मी विचारलं, नक्की कुठे अडकलायस ते सांग. (त्यानेच पहिल्या भेटीत सांगितलेलं, मॅडम अहो-जाहो नका करू.) तर दोन ठिकाणं निघाली. एक मलेनिया, या गेममधली फार अवघड बॉस, म्हणजे हरवायची मोठी शत्रू, तिचा वार तुम्हाला लागला की तिची तब्येत परत भरते, ढालीवर घेतला तरी भरते. आणि दुसरं रान्नी नावाच्या पात्राचं क्वेस्ट, म्हणजे टप्प्याटप्प्याने पूर्ण करायची कामगिरी. तिथे तुमच्याकडे रान्नीची एक छोटी बाहुली येते, जमिनीखालच्या नदीच्या भागात विश्रांतीच्या जागी बसलं की तिच्याशी बोलायचा पर्याय दिसतो, तुम्ही बोलता, ती काहीच बोलत नाही. परत बोलायचं, परत गप्प. असं लागोपाठ करत राहिलं तरच ती तोंड उघडते आणि क्वेस्ट पुढे सरकतं. निनाद एकदा बोलला, काही झालं नाही, म्हणून उठून गेला आणि मग कित्येक रात्री त्या अंधाऱ्या भागात कोपरा न् कोपरा शोधत फिरला.

आता तुम्हीच बघा, ह्या दोन अडकण्यांत केवढा फरक आहे. मलेनियाच्या वेळी सगळं समोर आहे, ती काय करते ते दिसतं, प्रत्येक वेळी हरताना थोडं शिकायला मिळतं, आणि वॉकथ्रू बघितला तरी हात तुमचेच चालायला लागतात. तिथे न बघता भिडायचं असेल तर खुशाल भिडावं, त्या जिंकण्याची किंमत खरी आहे. बाहुलीच्या वेळी मात्र शिकण्यासारखं काही उरलेलंच नव्हतं, माहितीच हातात नाही तर डोकं लावणार कशाला? तो रात्री घालवत होता आणि त्याला वाटत होतं आपण जिद्द दाखवतोय.

मी त्याला विचारलं, मागे हरिश्चंद्रगडाला नळीच्या वाटेने गेलात तेव्हा वाटाड्या घेतला होता का. म्हणाला हो, पायथ्याच्या गावातून घेतला, त्याशिवाय कोण जातं तिथून. मग गड तू चढलास की त्याने? तो बराच वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, चढलो मीच, पण वाट त्याची होती.

एवढं त्याने स्वतः म्हटल्यावर बाकीचं बोलणं सोपं झालं. मी त्याला हेही सांगितलं, कारण ग्रुपवाल्यांना हे माहीत नसतं, की गेममध्ये मदत घेणं हे काही आत्ताच्या आळशी पिढीचं खूळ नाही. 1984 च्या टॉवर ऑफ ड्रुआगा या जपानी आर्केड गेममध्ये (आर्केड म्हणजे नाणं टाकून गेम खेळायची दुकानं) साठ मजले होते आणि लपवलेल्या वस्तू काढायच्या अटी इतक्या विचित्र की एकट्याला सुचणं अशक्य, म्हणून लोक आर्केडमध्ये वह्या ठेवून त्यात एकमेकांसाठी लिहायचे. अमेरिकेत निन्टेन्डो या गेम कंपनीने 80 च्या दशकात फोनवर माणसं बसवली होती, अडकलेली पोरं फोन करून विचारायची. 2009 च्या न्यू सुपर मारिओ ब्रदर्स वी या गेममध्ये एकाच लेव्हलला आठ वेळा मेलात की हिरवा ठोकळा येतो आणि मारिओचा भाऊ लुइजी स्वतः लेव्हल खेळून दाखवतो. आणि एल्डन रिंगमध्येच तर जमिनीवर दुसऱ्या खेळाडूंनी लिहिलेले मेसेज असतात, पुढे खड्डा आहे, इथे भिंत खोटी आहे, ते निनाद रोज वाचत होता आणि त्याचं त्याला काही वाटत नव्हतं!

मग आम्ही एक पद्धत ठरवली. वॉकथ्रू उघडायच्या आधी कागदावर एका वाक्यात लिहायचं, मला नक्की काय कळत नाहीये. वाक्य लिहिता आलं तर उघडायचं, तेवढंच उत्तर बघायचं आणि बंद करायचं. नाही लिहिता आलं तर अजून नीट बघून झालेलं नाही, परत खेळायचं, किंवा झोपायचं. पूर्वी इन्फोकॉम नावाची कंपनी तिच्या गेमसाठी अदृश्य शाईत छापलेल्या हिंट विकायची, खास पेनने घासलं की एकेक ओळ दिसायची, आधी नुसता इशारा, मग थोडं जास्त, सगळ्यात शेवटी उत्तर. मला ती कल्पना फार आवडते, आणि आजही जमते, मित्राला म्हणायचं सगळं सांगू नकोस, फक्त कुठल्या दिशेला बघू ते सांग.

काही गेम मी यातून वगळते. आऊटर वाइल्ड्ससारख्या गेममध्ये नवीन शस्त्र नाही, ताकद वाढत नाही, पुढे जायला लागतं ते फक्त तुम्हाला काय कळलं ते, आणि एकदा कळलं की ते न कळल्यासारखं परत खेळता येत नाही, तिथे वॉकथ्रू बघणं म्हणजे गेमच संपवणं. तिथे खरंच थांबा. आणि स्पर्धा असेल, नियमात मदत नको असं लिहिलेलं असेल, तर नाही म्हणजे नाही.

उलट्या बाजूची माणसंपण येतात, म्हणजे प्रत्येक खोलीत शिरायच्या आधी बाजूला मोबाईलवर व्हिडिओ चालू, एकही चूक व्हायला नको, एकही वस्तू सुटायला नको. त्यांनाही मी चीटिंग म्हणत नाही, फक्त विचारते की मजा येतेय का. बऱ्याचदा उत्तर नाही असं येतं आणि मग आम्ही चुकण्याच्या भीतीबद्दल बोलायला लागतो. पण ज्या बाईला मूल झोपल्यावर जेमतेम पाऊण तास मिळतो आणि तिला गोष्ट पूर्ण बघायचीय, तिने पहिल्यापासून वॉकथ्रू लावून खेळावं, कुणाला हिशोब द्यायचा नाही.

निनादने रान्नीचं बघितलं, मलेनियाचं नाही बघितलं. ती अजून हरलेली नाही, पण तो आता रात्री एक वाजता झोपतो आणि आईशी नीट बोलतो. तिसऱ्या अटेम्प्टचा विचार करतोय, यावेळी मेन्सची उत्तरं कुणाकडून तरी तपासून घ्यायची असं त्याचं त्यानेच ठरवलंय.

तुमच्याकडे किंवा घरात कुणाकडे प्रश्न वॉकथ्रूच्या पुढे गेला असेल, झोप, कामधंदा, जेवणखाण सगळंच कोलमडलं असेल, तर सरकारच्या टेली-मानस हेल्पलाइनवर 14416 ला फोन करा, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.