जुन्या पीसीचा राऊटर करायलास तर आधी हे बघ

करायलास ते भारीये गड्या पण आधी डब्बा कोणताय ते बघ, पेंटियम फोरवाला डेस्कटॉप असंल तर राहू दे, नुसता चालू ठेवला तरी ६०-७० वॅट खातंय म्हंजे महिन्याला ४०-५० युनिट, काही महिन्यांच्या बिलात नवा राऊटर येतोय की. जुना लॅपटॉप असंल तर मात्र बिनधास्त कर. आपल्या लातूर-बीडकडं लाईटीचा काही भरवसा नाही, बॅटरी जरा तरी जिवंत असली तर तोच यूपीएस. फक्त फायबरच्या डबीला पण बॅकअप दे नाहीतर उपयोग काय.

लॅन पोर्ट म्हंजे नेटची केबल खोचायची जागा, त्या दोन लागतेत, एक इंटरनेट आत यायला अन् एक घरात द्यायला. लॅपटॉपला एकच असतोय म्हणून यूएसबी लॅन अडॅप्टर घे. आता पीसीचा राऊटर करणारं सॉफ्टवेअर, पीएफसेन्स नाहीतर ओपनडब्ल्यूआरटी. पीएफसेन्सला ६४ बिटच प्रोसेसर लागतोय, ओपनडब्ल्यूआरटी ३२ बिटवर पण चालतंय अन् १ जीबी रॅम तर लई झाली, मी तर तेच टाक म्हणीन.

आता जिथं सगळे अडकतेत ते. ओपनडब्ल्यूआरटीचा आयपी पत्ता (नेटवर्कमधला त्याचा नंबर) आधीपासून १९२.१६८.१.१ असतोय अन् बऱ्याच फायबरच्या डब्यांचा पण तोच, मग दोघं भांडतेत अन् नेट काही येत नाही, म्हणून ओपनडब्ल्यूआरटीचा १९२.१६८.१०.१ करून टाक. वायफायसाठी जुना राऊटरच वापर, त्याचं डीएचसीपी (मोबाईल-पीसीला आपोआप पत्ते वाटायचं काम) बंद कर, ते ओपनडब्ल्यूआरटी करतंय, त्याचा पण पत्ता बदल अन् केबल त्याच्या लॅन पोर्टात खोच, वॅनमधी (इंटरनेट आत यायच्या पोर्टात) नाही.