सगळं बिल ताणाच्या नावावर फाडू नकोस

चि. स. न. वि. वि. वगैरे राहू दे, थेट मुद्द्यावर येतो.

तुझा संशोधन-आराखडा वाचला. ‘अलिंदाची भिंत ताणली की एएनपी रक्तात सुटतं’ हे तुझं पहिलं वाक्य खरंच आहे (अलिंद म्हणजे हृदयाचा वरचा कप्पा, आणि एएनपी हे तिथे बनणारं, लघवीतून सोडियम बाहेर टाकायला लावणारं संप्रेरक). पण हे आता पाठ्यपुस्तकात गेलंय. तुझं काम त्याच्या पुढे सुरू व्हायला हवं.

1981 साली कॅनडातल्या किंग्स्टनमध्ये आडोल्फो दे बोल्ड यांच्या गटाने उंदरांच्या अलिंदाचा अर्क दुसऱ्या उंदरांना टोचला. लघवीतलं सोडियम तीसपटीहून जास्त वाढलं. निलयाच्या, म्हणजे हृदयाच्या खालच्या कप्प्याच्या, अर्काने तसं काही घडलं नाही. मला यातली ही दुसरी ओळ जास्त मोलाची वाटते. ती नसती तर पहिलीवर कोणी विश्वास ठेवला असता?

आता शेजाऱ्यांकडे बघ. 1988 मध्ये जपानमध्ये यानागिसावा आणि सहकाऱ्यांना एंडोथेलिन हे वाहिन्या आवळणारं रसायन सापडलं, रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरात. असंच अस्तर हृदयाच्या कप्प्यांनाही आतून असतं. तिथून निघालेलं एंडोथेलिन लगतच्या स्नायूपेशींवरच्या ईटी-ए ग्राहींना (एंडोथेलिन पकडणाऱ्या प्रथिनांना) चिकटतं आणि एएनपीचा स्राव वाढतो. त्याच अस्तरातून नायट्रिक ऑक्साइडही निघतो. तो उलट, सीजीएमपी या पेशीतल्या निरोप्या रेणूमार्फत स्रावाला लगाम घालतो. म्हणजे ताण तेवढाच असला तरी किती संप्रेरक सुटेल, हे अस्तराची तब्येत ठरवू शकते. तुझा प्रश्न इथे आहे.

पण जपून. एंडोथेलिन वाहिन्या जबरदस्त आवळतं. लँगेनडॉर्फ पद्धतीने, म्हणजे शरीराबाहेर काढून द्रव पुरवत जिवंत ठेवलेल्या, टांगलेल्या हृदयात स्थिर दाबावर ते सोडलंस की कोरोनरी प्रवाह (हृदयाच्या स्वतःच्या वाहिन्यांतला) घसरणार, आणि ऑक्सिजन कमी पडला की नुसत्या त्यानेही एएनपी सुटतं. मग श्रेय कोणाला देणार? शिवाय साधा हिशेब बघ: मिनिटाला 10 मिलि प्रवाह आणि मिलिमागे 200 पिकोग्रॅम, म्हणजे मिनिटाला 2000. प्रवाह 5 वर आला आणि आकडा 400 झाला, तरी मिनिटाला 2000च! आलेखावर दुप्पट दिसेल, स्राव तसूभरही वाढलेला नसेल. म्हणून सांद्रता मांडायची नाही, मिनिटाचा स्राव मांडायचा. प्रवाह पंपाने स्थिर ठेवून एक वेगळी मालिका कर. ईटी-ए रोधक एकटा देऊनही बघ, म्हणजे हृदयाच्या स्वतःच्या एंडोथेलिनचा वाटा कळेल.

पेशी-संवर्धनाने हे सगळं सुटेल असं तू लिहिलंयस. अर्धवट सुटेल. प्रवाहाची कटकट जाईल, पण त्या डिशमध्ये फायब्रोब्लास्ट (संयोजी ऊतीच्या पेशी) किती मिसळलेत ते मोजल्याशिवाय ‘स्नायूपेशींनीच केलं’ असं लिहू नकोस.

नमुने बर्फात, प्रोटिएज-रोधक (प्रथिनं तोडणारी विकरं अडवणारं रसायन) घातलेल्या नळ्यांत घे. एएनपी फार टिकत नाही. अँजिओटेन्सिनचा (रक्तदाब वाढवणाऱ्या आणखी एका संप्रेरकाचा) भाग सध्या काढून टाक, तीन वर्षांत तेवढा पसारा झेपणार नाही.

सुधारित आराखडा पाठवशील तेव्हा तक्त्यात प्रवाहाचा रकाना दिसू दे.

तुझा,
सर