चिडलोय म्हणजे नक्की काय झालंय?

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. मॅनेजरनं भर मीटिंगमध्ये ‘इमोशनल इंटेलिजन्स वाढव’ म्हणून सुनावलं, ते तुला लागलंय. लागणारच. रात्री 2 ला सर्व्हर पडला म्हणून उठलास, 4 ला आडवा झालास आणि साडेनऊच्या स्टँड-अपला, म्हणजे टीमच्या रोजच्या छोट्या मीटिंगला, उत्साहानं बोलायचं! त्यात तुझं घर सोलापूरच्या पूर्व भागात, तिथूनच तुझं काम. माइक चालू केला की शेजारच्या यंत्रमागांची खडखड पलीकडे जाते, म्हणून तू सदा म्यूटवर. पुण्यात बसलेल्या टीमला वाटतं, ह्याला कशातच रस नाही. त्यांना एकदा सांगून टाक की शेजारी माग चालतात. यात लाजायचं काय? अख्खं सोलापूर त्याच मागांवर उभं राहिलं.

आता त्या इमोशनल इंटेलिजन्सचं. 1990 मध्ये पीटर सॅलोव्ही आणि जॉन मेयर या मानसशास्त्रज्ञांनी त्याची जी व्याख्या मांडली, तिचा मथितार्थ असा: आपल्या आणि समोरच्याच्या भावना ओळखायच्या, त्यांच्यातला फरक करायचा आणि त्या माहितीच्या आधारे विचार व कृती करायची. राग गिळून हसण्याबद्दल त्यात अवाक्षर नाही. उलट जेम्स ग्रॉस या मानसशास्त्रज्ञाच्या प्रयोगांत दिसलं की भावना चेहऱ्यावर दाबली तरी आत ती कमी होत नाही, शरीरावरचा ताण मात्र वाढतो.

तुझी अडचण फरक करण्यात आहे. तुझ्या मेसेजमध्ये जिथं तिथं ‘चिडलोय’. कोड रिव्ह्यूत, म्हणजे तुझा कोड तपासताना, कुणी ‘हे असं का केलंय?’ विचारलं तरी चिडलोय, मॅनेजर बोलला तरी चिडलोय. नीट बघ. रिव्ह्यूच्या वेळी तुझी झोप झालेली नव्हती. मीटिंगमध्ये झाला तो अपमान. आणि अप्रेझलच्या विचारानं पोटात गोळा येतो ती निव्वळ धास्ती. तिघांवर इलाज वेगळे. झोप नसताना रिव्ह्यूला उत्तर देऊच नकोस, दुपारपर्यंत थांब. धास्ती असेल तर सरळ विचारून घे की माझं रेटिंग कशावर ठरणार आहे. अपमानाचं मात्र ज्यानं केला त्याच्याशीच बोलावं लागतं.

पण सगळं तुझ्याच मनावर ढकलायला मी तयार नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये बर्नआउटची नोंद केली ती आजार म्हणून नव्हे, तर कामाच्या ठिकाणचा सततचा ताण आटोक्यात न आल्यानं होणारी अवस्था म्हणून. गुगलच्या सेवा चालू ठेवणाऱ्या एसआरई टीमनं ऑन-कॉलच्या, म्हणजे बिघाड झाला की हजर व्हायच्या, 12 तासांच्या पाळीत 2 पेक्षा जास्त बिघाड नकोत, अशी मर्यादा मांडलेली आहे. तुझ्याकडे महिनाभर तू एकटाच ऑन-कॉल! तिथं दीर्घ श्वासाच्या वेबिनारनं काय होणार? एक शीट कर. कुठल्या रात्री, किती वाजता उठवलं, खरी अडचण होती की फुसका अलर्ट. ही शीट कुणाला उद्धट म्हणता येणार नाही.

बोलताना जरा सांभाळ. आपलं सोलापुरी ‘होत नाही बे’ पुणेकराला भांडणच वाटतं. पण फार गुळगुळीतही नको, मुद्दा निसटतो. एवढंच म्हण: “सर, त्या दिवशी सगळ्यांसमोर बोललात ते मला लागलं. चूक जरूर सांगा, पण एकट्याला सांगा. आणि रात्रीच्या पाळ्या वाटून घ्यायचं बघू या, ही महिन्याची नोंद.” मग गप्प बस. ते बोलेपर्यंत मध्ये घुसू नकोस.

सुट्टीच्या दिवशीही झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला 14416 वर फोन कर. तिथं मराठीतून बोलता येतं, पैसे लागत नाहीत. घरी आईला सांगायचं की नाही ते तू ठरव. मी तरी सांगितलं असतं.

पुढच्या आठवड्यात हुतात्मा एक्सप्रेसनं पुण्याच्या ऑफिसला जाणारच आहेस, तर हे कॉलवर न बोलता समोर बसूनच बोल. शीट आधी मला पाठव, आकडे एकदा बघून देते.

तुझी,
ताई